आचाऱ्यांचं नाक

रोह्याजवळ अष्टमी गावात मी खोली भाड्याने घेतली तेव्हा घरमालकांनी एकच अट घातली. पाहुणे आले तरी चालतील, रात्री उशिरा आलात तरी चालेल, पण घरात काही लागू द्यायचं नाही. लागू द्यायचं म्हणजे भांड्याच्या बुडाला करपू द्यायचं. मी पुलापलीकडे रोह्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकती लागले होते, साताऱ्याकडून एकटीच आले होते, आणि माझा सगळा संसार म्हणजे एक स्टोव्ह नि चार भांडी. घरमालक म्हटला की काहीतरी खूळ असायचंच, त्या मानाने हे बरं, म्हणून मी मान डोलावली.

आठवडा झाला नसेल, भर दुपारी दार धडाधडा वाजलं. रात्रपाळी करून मी कुठे जरा आडवी झाले होते. दारात मालक उभे. कमरेला पंचा, अंगात बंडी, हातात रिकामं पातेलं. म्हणाले, लागलंय, यात ओता, खालचं खरवडू नका. मी स्टोव्हवर तळहात ठेवून दाखवला, गार होता. भांडी घासून पालथी घातलेली. पण त्यांनी माझ्याकडे अशा किवेने पाहिलं, की बिचारी नवीन आहे, लाजतेय. पातेलं उंबऱ्यात ठेवून ते निघून गेले. मी मनात म्हटलं, झालं, एवढ्या गावात आपल्याला नेमकं हेच घर सापडायचं होतं.

ते लग्नाचे आचारी होते. रोह्यापासून पेणपर्यंत कुणाकडे लग्न ठरलं, की भटजींच्या आधी यांची तारीख विचारायला माणूस यायचा. मूळचे खांब गावचे, पण सासऱ्यांना मुलगा नाही म्हणून अष्टमीत येऊन राहिलेले. त्यांना नावाने हाक मारणारं कुणी मला भेटलं नाही. बाजारात नुसतं आचारी म्हटलं की हेच. मी त्यांना काका म्हणायला लागले, त्यांच्या बायकोला काकू. एकुलती एक मुलगी सुमन, ती तेव्हा अकरावी होऊन घरी बसलेली, माझ्या खोलीत येऊन मासिकं वाचायची.

काकांच्या हाताला चव होती, त्यात शंकाच नाही. पण नाव झालं होतं ते नाकामुळे. मांडवामागे लांब चर खणून त्यात लाकडं पेटवायची, वर ओळीने पातेली चढवायची, आणि काका हातात झारा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे. फिरता फिरता मधेच थबकायचे आणि म्हणायचे, "लागलं." बस, एवढंच. मग जागच्या जागी उभे. तोंडाचा रंग उतरायचा, हातांवर काटा यायचा, दोन-तीनदा आवंढा गिळायचे, आणि ओठ चपचप हलायला लागायचे. डावा हात बंडीचं बटण चाचपत राहायचा. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही असा रिवाजच पडून गेला होता. बायका पोळ्या लाटायच्या थांबायच्या, लाकूड सारणारा गडी हात मागे घ्यायचा. आचारी मनातल्या मनात चव घेतायत, असं सगळे म्हणायचे. थोड्या वेळाने ते भानावर यायचे, पण शब्द सापडायचा नाही. झाऱ्याला वरवंटा म्हणायचे, हाताखालच्या बायकांवर उगीच डाफरायचे. मोठ्या माणसाचं असंच असायचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

काकांनी 'लागलं' म्हटलं की पुढे काय करायचं ते त्या बायकांना पाठ होतं. लागलेलं अन्न ढवळायचं नसतं, ढवळलं की जळका वास सगळ्या पातेल्यात पसरतो. वरचं वर अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं. म्हणून काकांची अट असायची, की प्रत्येक भरल्या पातेल्याशेजारी एक रिकामं पातेलं हवं. यजमान कितीही बडा असो, भांडी दुप्पट आणा, नाहीतर दुसरा आचारी बघा. आता गंमत ऐका. अन्न दुसऱ्या भांड्यात गेलं की पहिल्याचं बूड बघायला सगळे वाकायचे. बूड स्वच्छ! एक काळा ठिपका नाही. यावरून एखाद्याला वाटायला हवं होतं की काही लागलंच नव्हतं. पण छे. लोक म्हणायचे, बघा, लागायच्या आधी ओळखलं. बूड जितकं लख्ख तितकं आचाऱ्यांचं नाक तिखट, असा तो हिशेब, त्याच्यापुढे मी काय, ब्रह्मदेवाने हात टेकले असते.

पेणच्या लग्नाची हकिकत मी कितीतरी तोंडांनी ऐकली. मी अष्टमीला यायच्या आधीची ती. पेणला एका बड्या घरचं लग्न होतं, आणि त्या दिवशी काकांना सकाळपासून सारखा वास येत होता. भाताला आला, भाजीला आला, पुन्हा भाताला आला. पातेली बदलता बदलता रिकामं भांडं उरलं नाही, आणि नेमका पंगत बसताना आमटीला आला. काकांनी हाताखालच्या गड्याला पलीकडचा काठ धरायला लावला, आणि भरलेलं पातेलं मांडवामागच्या गटारात उपडं केलं. यजमान धावत आले तर काका थरथर कापत उभे. लागलेलं अन्न मी कुणाच्या पानात वाढणार नाही, एवढं म्हणाले आणि तिथेच भिंतीला टेकून झोपी गेले. त्या दिवशी वऱ्हाडाने ताकाशी भात कालवून खाल्ला. पण आचाऱ्यांचं नाव खाडीपासून घाटापर्यंत गेलं. वाढलेल्या जेवणांनी झालं नव्हतं एवढं त्या ओतलेल्या आमटीने झालं.

या नाकाचा त्यांना स्वतःला केवढा अभिमान! जीभ लाडावते, नाक लाडावत नाय, असं ते म्हणायचे. बाजारात हिंग घ्यायचं तर दुकानदाराला पुडी बांधू द्यायचे नाहीत, आधी डोळे मिटून हुंगणार. एकदा आमच्या एक्स्चेंजमध्ये शिरले आणि म्हणाले, बाई, तारा जळतायत. आमच्या साहेबांनीही आचाऱ्यांचं नाक ऐकलं होतं. त्यांनी लगेच मेकॅनिकला बोलावलं, सगळं बोर्ड उघडलं, तासभर रोह्याचे फोन बंद. काही सापडलं नाही. साहेब म्हणाले, वेळीच आले म्हणून वाचलो. मी कपाळावर हात मारून घेतला.

पावसाळ्यात लग्नं नसायची. तेव्हा काका ओटीवर बसून सुमनच्या लग्नाचं जेवण रचायचे. ती शाळेत असल्यापासून रचत होते म्हणे. डाळिंब्यांची उसळ पक्की, मसालेभात पक्का, पण जिलबी की बुंदी यावर त्यांचा दरवर्षी स्वतःशीच वाद व्हायचा. सुमन चिडवायची, आबा, आधी नवरा तरी शोधा. त्यावर ते हसायचे नाहीत.

"नवरा मिळंल गो कुठलापण," ते म्हणायचे. "पण तुझ्या लग्नात झारा दुसऱ्या कुणाच्या हातात जायचा नाय."

माणसाला आयुष्याकडून एवढंच हवं असावं याची मला तेव्हा मौज वाटायची. आता वाटत नाही.

मी राहायला गेले तोवर तो वास चूल सोडून सगळीकडे त्यांच्या मागे लागला होता. पुलावर यायचा, न्हाणीत यायचा, देवळात यायचा. वासाबरोबर पोटातून काहीतरी वर चढत गळ्यापर्यंत यायचं आणि मग भीती. कशाची ते सांगता यायचं नाही. बाजारात हरवलेल्या मुलासारखे जवळच्या माणसाचा हात घट्ट धरायचे. रोह्याच्या डॉक्टरांनी पित्त ठरवलं. आमच्याकडे पित्त काय, सगळ्यांनाच असतं, आणि जन्मभर आगीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ते नसेल तर कुणाला? पांढरं औषध सुरू झालं. मिरची बंद झाली. मग ज्या दिवशी त्रास झाला त्या दिवशी जे खाल्लं असेल ते दुसऱ्या दिवसापासून बंद, असं काकांनी आपलं आपण ठरवलं. तूरडाळ गेली, मासे गेले, चहा गेला, शेवटी स्वतःच्या हातची उसळसुद्धा गेली. गावाला पंगती वाढणारा माणूस कोपऱ्यात बसून दूधभात चिवडायचा, आणि तोही करपट लागतो म्हणून अर्धा ठेवून उठायचा. मला बघवायचं नाही.

पित्ताने झालं नाही म्हणून पेणला नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना आत हाड वाढलेलं दिसलं, ते कापलं. कितीतरी दिवस काका नाकात बोळे घालून बसले होते, तरी आतून वास येतच होता. छाती धडधडते म्हणून हृदयाची पट्टी काढली, ती चांगली निघाली, तेव्हा मनाला फार लावून घेता असं सांगण्यात आलं. काकूंनी मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या. आम्ही सगळ्या ठसक्याने बेजार झालो. ठसका लागला म्हणजे नजर नव्हतीच, असं शेजारीण म्हणाली, तशा काकू मटकन खालीच बसल्या. नजर असती तर निदान उतरली तरी असती. यात कुणाचा खोटेपणा नव्हता, कुणी वाईट नव्हतं, म्हणूनच मला आजही संताप येतो. ज्याच्या हातात जे होतं ते त्याने दिलं, आणि तो माणूस दिवसेंदिवस वाळत गेला.

एका रविवारी आम्ही चौघं ओटीवर वाल सोलत बसलो होतो. मोड आलेला वाल कोमट पाण्यातून काढून चिमटीत दाबला की साल हातात राहतं आणि डाळिंबी ताटात पडते. काकांचा हात यात फार भरभर चालायचा. बोलता बोलता ते हलकेच म्हणाले, "लागलं." काकूंनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं. पण मी त्यांच्या अगदी समोर बसले होते. त्यांच्या चिमटीत वाल नव्हता. रिकामी बोटं सोलत होती. ओठ चपचप हलत होते आणि तोंडातून लाळ गळून बंडीवर पडत होती. मी हाक मारली, खांदा हलवला. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. भानावर आले तेव्हा पंचा ओला झाला होता, आणि ताटातलं पाणी सांडलं असं समजून ते तो पुसत बसले. मी काकूंना आत नेऊन सांगितलं, काकू, ही चव घेणं नव्हे, हे काहीतरी वेगळं आहे.

माझी मावसबहीण मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती. तिला फोन केला, आणि काका, काकू नि मी असे तिघं एसटीने गेलो. डॉक्टर अगदी तरुण होता, जागरणाने डोळे तांबारलेले. काकांनी पोट सांगितलं, पित्त सांगितलं, छाती, नाक, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, हे सगळं सुरू व्हायच्या आधी तुम्हाला वास येतो का, जळका, दुसऱ्या कुणाला न येणारा? काका त्याच्याकडे बघत राहिले आणि एकदम रडायला लागले. इतक्या वर्षांत वास येतो का असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. वास आहेच, असं सगळे धरून चालले होते.

डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या. मग डॉक्टरने समजावून सांगितलं. ही फीट आहे. कानशिलाच्या आत मेंदूत एक जागा असते, तिथे ठिणगी उडते. तिच्यामुळे जळका वास येतो, पोटातून वर चढल्यासारखं होतं, काटा येतो, भीती वाटते, ओठ आणि हात आपले आपण चालतात. काका म्हणाले, मी तर कधी पडलो नाही. डॉक्टर म्हणाला, सगळे पडत नाहीत, म्हणून तर सापडायला इतका वेळ लागतो. गोळी रोज घ्यायची, एक दिवस चुकवायची नाही, आणि मनाने एकदम बंद तर मुळीच करायची नाही, केली तर मोठी फीट येईल. आगीजवळ आणि पाण्याजवळ एकट्याने जायचं नाही.

बाहेर आल्यावर काकूंनी मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात ओढलं. इतकी मवाळ बाई, पण मनगट दुखेल इतकं घट्ट धरलं होतं.

"बाई, पित्त हाय. समजलं? घरात पोर लग्नाची हाय. हा फीटचा शब्द पुलावरून आमच्या अष्टमीत आणायचा नाय."

मी शब्द दिला.

परतताना गाडी पेणला थांबली. काकू पाणी आणायला उतरल्या. काका खिडकीशी बसून स्टँडकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले.

"बाई, मग त्या इथल्या लग्नातली आमटी चांगली व्हती?"

काही बाही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"चांगली होती, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आजाराने आपल्याकडून करवून घेतलं होतं, हे ज्याला कळलं त्याने पुढे कशाच्या जोरावर जगावं, मला अजून सांगता येत नाही.

गोळ्या पित्ताच्या गोळ्यांच्या जुन्या बाटलीत गेल्या, आणि लागू पडल्या. वास थांबला. काका चहा प्यायला लागले, एक दिवस बाजारातून खाडीची मासळी, निवट्या, घेऊन आले, काकूंनी रस्सा केला आणि ते दोन वेळा भात घेऊन जेवले. काकू त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन नुसत्याच हसत बसल्या होत्या. मला वाटलं, सुटलं घर एकदाचं.

कसलं सुटतंय! गोळीने त्यांना गुंगी असायची. उभ्या उभ्या डुलकी लागायची. आणि चरावरून फिरताना ते थबकायचे, थांबून वाट बघायचे, आणि काहीच व्हायचं नाही. रोह्यात एका मुंजीला भात खरोखर लागला. पंगतीत लोकांनी पहिल्या घासाला नाक मुरडलं, आणि काका त्या पातेल्याला टेकून उभे असून त्यांना पत्ता नव्हता. गोळीने नाक बधिर झालं होतं, की आतल्या वासावर जन्म काढलेल्या माणसाला बाहेरचा वास ओळखूच येत नव्हता, कोण सांगणार. आचाऱ्यांचं नाक गेलं, ही बातमी मात्र पूल ओलांडून माझ्याआधी घरी पोचली. पुढच्या हंगामात तारीख विचारायला फारसं कुणी आलं नाही.

मी त्यांना परोपरीने समजावलं. काका, ते नाक नव्हतं, ती ठिणगी होती, डॉक्टरांनी सांगितलं ना. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मेंदूत असंल नायतर नाकात असंल. माझं व्हतं ना ते?"

सुमनचं जमलं ते पेणच्या बाजूचंच, धरमतरच्या खाडीकाठचं. मुलाचे वडील मिठागरावर मुकादम, मुलगा रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचा. पाहायला यायच्या आधीच तो सुमनला कुठेतरी आवडला होता. तिने मला सांगितलं नाही, पण त्याचं नाव निघालं की ती मासिक उलटं धरायची. माणसं साधी, सरळ होती. त्यांनी काही मागितलं नाही. जेवण आचाऱ्यांच्याच हातचं हवं, एवढं एकच म्हणाले, आणि तिथेच घात झाला.

लग्न अगदी तोंडावर आलं असताना काकांनी गोळी बंद केली. नाक परत यायला हवं होतं त्यांना. चोरून केली नाही, सांगून केली. आणि काकूंनी, ज्यांनी आजवर एकही गोळी चुकू दिली नव्हती, ती बाटली उचलून धान्याच्या कणगीमागे ठेवली. कारण नवऱ्या मुलाचा मामा दवाखान्यात कंपाउंडर होता, आणि तो आदल्या दिवशी आमच्याच घरी उतरणार होता. त्याने गोळी पाहून ओळखली असती तर? मी भांडले. आवाज चढवून दोघांशी भांडले. सुमन रडली, रुसून जेवली नाही. काका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"चार दिवस, बाई," ते मला म्हणाले. "पोरीचं एवढं होऊ दे. मग जन्मभर घेईन."

काकूंनी माझ्यापुढे हात जोडले. दोघांचा जीव त्या एका दिवसात अडकला होता, तिथे माझं कोण ऐकतंय.

लग्नाच्या सकाळी चर पेटला. काका आंघोळ करून, नवा पंचा नेसून झारा घेऊन उभे राहिले. मसालेभात चढला आणि थोड्याच वेळात ते थबकले. "लागलं." बायकांनी हातातलं काम थांबवलं. तोंड उतरलं, काटा आला, ओठ हलले. भानावर आले, शब्द सापडेना, मग सापडला, आणि माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. आलं परत, म्हणाले. बायकांनी भात दुसऱ्या पातेल्यात काढला, बूड पाहिलं, लख्ख होतं. एका म्हातारीने चक्क हात जोडले. त्या सकाळी तो माणूस जेवढा सुखी होता तेवढा मी त्याला कधी पाहिला नव्हता.

वऱ्हाड आलं. अक्षतांना अवकाश होता, म्हणून मुलाकडची वडीलधारी मंडळी जेवणाचा थाट बघायला मांडवामागे आली. काका उसळीवर खोबरं पेरत होते. पुन्हा "लागलं" म्हणाले, पण या वेळी ते उभे राहिले नाहीत. मान एका बाजूला ओढली गेली, घशातून भलताच आवाज निघाला, आणि ते धाडकन पडले. आगीच्या उलट बाजूला पडले, तेवढीच देवाची कृपा. हातपाय झाडत होते, तोंडातून रक्त मिसळलेला फेस येत होता. वऱ्हाडातले एक आजोबा पुढे झाले, पायातली वहाण काढली आणि काकांच्या नाकाला धरली. मदत म्हणूनच केलं त्यांनी, आपल्याकडे करतातच तसं. पण वहाण कशावर हुंगवतात ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. काकू पित्त, पित्त म्हणत राहिल्या, आणि त्या नाकावर ती वहाण होती.

ती बाजूला सारली मुलाच्या मामानेच. त्या कंपाउंडरने. त्याने काकांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपलं उपरणं दिलं आणि काकूंना अगदी हलक्या आवाजात विचारलं, गोळी कुठली चालू होती, कधी बंद केली. ज्याच्यापासून लपवलं तोच एक माणूस तिथे समजून घेणारा होता. एक फीट थांबायची तोवर दुसरी सुरू व्हायची. मामानेच जीप बघितली आणि काकांना आत घालून, काकूंना बरोबर घेऊन तो रोह्याच्या दवाखान्याकडे गेला.

मामा तिथे थांबला असता तर काही वेगळं झालं असतं का, हा विचार मी करत नाही. केला की झोप येत नाही. मुलाचे वडील माझ्याशीच बोलले, घरचं मोठं कुणी उरलंच नव्हतं. आवाज चढवला नाही. मुलीत काही खोट नाही, म्हणाले, पण उद्या पोरंबाळं होणार. मी सांगितलं, पोरांना होतंच असं नाही, सुमनला कधी काही झालेलं नाही, हवं तर आपण त्या डॉक्टरांनाच विचारू. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि शेवटी त्यांनी हात जोडले. मुलगा मांडवात खाली मान घालून उभा होता. एकदा त्याने घराच्या दाराकडे पाहिलं आणि बापाच्या मागून निघून गेला. मी त्याला मनातल्या मनात दिल्या तेवढ्या शिव्या कुणालाच दिल्या नाहीत. घरात सुमनने मुंडावळ्या आपल्या हाताने सोडल्या, बाहेर आली आणि बायकांना पातेली उतरवून घ्या म्हणाली. कुणी जेवलं नाही. शेजारपाजारच्या लोकांनी डब्यांतून काय नेलं ते नेलं, बाकीचं दुसऱ्या दिवशी गुरांना गेलं.

काका जगले. बरेच दिवस त्यांना शुद्ध नव्हती, आली तरी माणसं ओळखत नव्हते. डॉक्टरांनी काकूंना सांगून ठेवलं होतं, की लग्नाआधीचे काही दिवस आणि तो दिवस त्यांना कदाचित कधीच आठवणार नाही, आठवण करून द्यायला जाऊ नका. गोळी पुन्हा सुरू झाली होती आणि फीट पुन्हा आली नव्हती. ड्यूटी संपली की मी दवाखान्यातून होऊन पूल ओलांडायचे. अशाच एका दुपारी मी गेले तेव्हा सुमन त्यांच्या उशाशी बसून पंख्याने वारा घालत होती. काकू पायाशी होत्या. काकांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघत राहिले, आणि ओळख पटल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

"सासरहून कधी आलीस गो? पाठवलं त्यांनी?"

काकूंनी पदर तोंडात कोंबला. सुमनचा पंखा क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"कालच आले, आबा. पाठवलं."

"जेवणाला नाव नाय ना ठेवलं कुणी?"

"कोण ठेवणार? लोकांनी बोटं चाटली."

ते समाधानाने डोळे मिटून पडून राहिले. आम्हाला वाटलं, झोप लागली. थोड्या वेळाने त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, मग परत कधी जायचं, न्यायला कोण येणार.

"राहीन थोडे दिवस," सुमन म्हणाली.